ट्रकचा वायरमन बोटीत

नळदुर्गच्या तलावावर मी त्याला एकदाच पाहिलं. हायवेला ट्रकचं वायरिंग करणारा हा पन्नाशीचा माणूस एका जुन्या फायबरच्या मोटरबोटीत मांडी घालून बसला होता. वायरचं टोक तो दातानं सोलायचा आणि प्रत्येक जोड दोनदा ओढून बघायचा.

बोट थोडी गळत होती. बुडातलं पाणी उपसणारा पंप चालला नाही, तर दुसऱ्या दिवशी तीत माणसं बसवता येणार नव्हती. सगळं जोडून त्यानं बटण दाबलं. पंप हलला नाही.

"ट्रकवाले तुमी, पाण्यातलं काय कळणार?" बोटीचे म्हातारे मालक हसले.

त्यानं बोटीच्या बुडावर बोटानं टकटक केलं. "चुकलंच, मालक. ट्रकला एकच वायर लागती. परतीचा करंट लोखंडी बॉडीतनं येतो. हिला लोखंडच न्हाय."

"मग पंपापुरती दुसरी वायर टाका की."

"न्हाय, इंजिनासकट सगळ्याला टाकतो. ट्रक बंद पडला तर माणूस उतरून चालाय लागतो. हितं कुठं उतरणार?"

संध्याकाळी मालकांच्या आणि माझ्याबरोबर तो स्वतः बोटीत बसला. तलावाच्या मधोमध त्यानं इंजिन बंद करायला लावलं, बुडात बादलीभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. पाणी बाहेर पडलं. इंजिनही पुन्हा सुरू झालं. हे त्यानं तीनदा करायला लावलं. तेवढा वेळ त्याचा डावा हात बोटीची कड घट्ट धरून होता.

त्याला पोहता येत नाही, हे मालकांनी मला नंतर सांगितलं.