कूलरचं डोकं आणि डब्यातले पंखे

कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे मी आता डोळे मिटून जोडते. पण आमच्या बेंबळी गावातल्या घरात पहिल्यांदा जोडले तेव्हा आम्ही बापलेकीनं जो घोळ घातला, तो आठवला की हसू येतं आणि आण्णांच्या आठवणीनं जीव गलबलतो.

मी घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. एप्रिलच्या उन्हात मशीन तापून, व्हिडिओत ऐन अक्षता पडताना गपकन बंद पडायचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बजावलेलं, "ही लग्नसराई निभली तर ठीक. न्हाय तर पुण्याला आत्याकडं जायचं, कंपनीत लागायचं." मला पुणं अजिबात नको होतं.

शेवटी तीन पंखे मागवले. आमच्याकडं पंखा म्हणजे कूलरचा, बाहेरचं वारं आत फेकणारा. आण्णा म्हणाले, "समद्यांची तोंडं आत कर." केली. वायरी थेट पॉवर सप्लायला जोडल्या, म्हणजे पंखे कायम फुल स्पीडनं. अगं बाई, काय तो आवाज! पिठाची गिरणी परवडली. आणि मशीन आधीपेक्षाही लवकर बंद.

"तुमच्या कूलरनं माझी पार वाट लावली!" मी आण्णांवरच भडकले. मग माझ्याच डोक्यात उजेड पडला. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवतो आपण, न्हाय तर जीव घुसमटतो. इथं गरम हवेला वाटच न्हवती!

मागचा आणि वरचा पंखा उलटे केले, हवा बाहेर फेकायला. तिन्ही वायरी मदरबोर्डला जोडल्या आणि सेटिंगमध्ये जाऊन, मशीन जसं तापेल तसा वेग वाढेल असं केलं. आण्णा मोबाईलची बॅटरी धरून वाकलेले.

"लई हळू फिरतोय की. बिघडला का काय?"

"तापल्यावर पळंल, आण्णा. दम धरा जरा."

त्या दुपारी हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न एका दमात तयार झालं. मी आनंदानं ओरडलेच. आण्णा उठून ओसरीवर गेले. मला रागच आला, एक शब्द कौतुकाचा न्हाय! मी मागोमाग दारापर्यंत गेले, तर ते आत्याला फोनवर सांगत होते.

"अक्का, तिच्यासाठी खोली नगं बघूस. तिचं हितंच जमलंय." मग ते भिंतीला टेकून बसले. "लोक म्हणत्यात, पोरीला घरात डांबून ठेवलंय. म्हणून जा म्हणत होतो गं. ती गेली असती तर ह्या घरात म्या कुणासंगं बोललो असतो?"