नाशपातीवरची पिशवी

प्लोवदिव शहरातल्या आमच्या इमारतीचा कारभार बारा वर्षं राइनाताई बघताहेत. कचराकुंडीपाशी कोणीतरी गुपचूप फुटक्या फरशा टाकायचं, म्हणून त्यांनीच सगळ्यांच्या सह्या घेऊन तिथे कॅमेरा बसवला. फरशा थांबल्या. पण उरलेला पाव आम्ही कचऱ्यात टाकत नाही, पिशवीत घालून कुंडीच्या कडीला अडकवतो. ज्याला हवा तो नेतो. कॅमेरा आल्यापासून ती पिशवी तशीच लोंबकळायला लागली.

"उंदीर येतील हो, राइनाताई," मी म्हटलं.

"उंदीर परवडले गं. जे कोणी नेत होतं, ते आता काय खात असेल?"

"मग कॅमेऱ्यात बघा ना, कोण येऊन परत जातं ते!" तळमजल्यावरचा ओग्न्यान हसला.

"तुझ्या ताटात कोणी डोकावलेलं चालेल का रे, शहाण्या?"

कॅमेरा काढा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पिशवी मागच्या वाटेवरच्या नाशपातीला अडकवली. तिथे कॅमेरा पोचत नाही. तीन दिवस पाव तसाच वाळला, रोज त्यांनी तो बदलला. चौथ्या सकाळी फांदी रिकामी होती आणि झाडाखाली, दगड ठेवून, पिशवीची नीट घडी.

राइनाताईंनी घडी उचलली आणि पाव आणायला वर गेल्या.