उजव्या नाकपुडीतली नथ

पंजाबातल्या दहशतवादाच्या वर्षांत मी चंदीगडला वार्ताहर होतो. शेजारच्या मराठी डॉक्टरांच्या आई पंचाहत्तरीच्या होत्या. या आजींचे वडील सोलापूरच्या गिरणीत फिटर होते आणि साहेबाने दिलेल्या जुन्या कॅमेऱ्याने सुट्टीच्या दिवशी घरच्यांचे फोटो काढत. त्यातली एक काच, म्हणजे त्या काळची काचेची निगेटिव्ह, आजींच्या भावाच्या माळ्यावर नुकतीच सापडली होती. तिच्यावर चुलीपुढे बसलेली वडिलांची बायको होती. आजींची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, त्यामुळे तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा मी जवळच्या मनीमाजऱ्यातल्या स्टुडिओतून त्या काचेवरून छापलेली प्रत आणली. आजींनी ती डोळ्यांजवळ नेली आणि परत केली.

"ही माझी आई नव्हे. नथ उजवीकडे आहे. आपल्यात डावीकडे घालतात."

"काच उलटी ठेवून छापलंय, आई," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे तुमच्या स्टुडिओवाल्यानं तिची उजवीकडे घालणारी मद्रासीण केली."

कर्फ्यू पुन्हा लागला होता, दुसरी प्रत आणता येणार नव्हती. मी फोटो भिंतीवरच्या आरशासमोर धरला. नथ डावीकडे आली. आजी बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

"किती लहान आहे ही," त्या म्हणाल्या.