नाव तुम्ही सांगा

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात गेनर सगडन नापास झाली ती एका वाक्यामुळे. लेखी परीक्षेत तिला चांगले गुण होते. किरणांची मात्रा कशी मोजतात, कोणता अवयव किती खोल असतो, हे सगळं तिने पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाठ केलं होतं. पण रॉय हार्डी नावाच्या पेशंटला मशीनच्या खोलीत आणताना ती नेहमीसारखी हसून म्हणाली, "या रॉय. रॉय हार्डी, मिल लेन, बरोबर ना?" रॉयने मान डोलावली आणि परीक्षक इमोजेनने कागदावर फुली मारली.

"अगं, तो रॉयच होता," बाहेर आल्यावर गेनर म्हणाली.

"होताच. पण ते तू सांगितलंस, त्याने नाही."

"मी त्याला वीस वर्षं ओळखते."

"म्हणूनच तुझी काळजी वाटते," इमोजेन म्हणाली. ती वयाने गेनरच्या मुलीएवढी होती, आणि ते बोलताना तिला बरंही वाटत नव्हतं.

रॅव्हनगेटच्या हॉस्पिटलात कॅन्सरवर रेडिएशन देणारा जो विभाग होता, त्याच्या रिसेप्शनवर गेनरचा जन्म गेला होता. माणूस दारातून आत येताच ती नावाने हाक मारायची. कोणाची बायको वारली, कोणाच्या नातीचं लग्न ठरलं, सगळं तिच्या डोक्यात असायचं. पेशंट म्हणत, गेनर आहे तोवर इथे आपण नुसता नंबर नाही. मग हॉस्पिटलने योजना काढली: नोकरी करा, पगार घ्या, अधूनमधून विद्यापीठात जाऊन शिका, बाकीचे दिवस मशीनपाशी काम शिका आणि शेवटी रेडिएशन देणाऱ्या तंत्रज्ञाची पदवी घ्या. सेहेचाळिसाव्या वर्षी गेनरने अर्ज केला.

"वर्गातली पोरं तुला आई समजतील," बस चालवणारा तिचा नवरा नील म्हणाला होता.

"समजू देत. परीक्षेच्या आदल्या दिवशी आईकडेच येतील."

तशी ती पोरं खरोखरच आलीही होती. आणि आता ती सगळी पास झाली होती, आईच तेवढी राहिली होती. पुन्हा एकच संधी होती. तीही गेली की अभ्यासक्रम संपला. रिसेप्शनच्या खुर्चीवर दुसरी बाई कधीच बसली होती, त्यामुळे मागे फिरायला जागा नव्हती. तसं मागे फिरायचं गेनरच्या मनातही नव्हतं. पण राग होता. ज्या गुणासाठी सगळं गाव तिचं कौतुक करायचं, तोच इथे दोष ठरला होता.

त्यानंतर ती नियमाने विचारू लागली. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. विचारायची, पण पोपटासारखी, आणि मनात म्हणायची, काय हा वेडेपणा.

एका सकाळी तिने बाहेरच्या खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली, "मिस्टर पीअर्सन?" इस्त्रीचा कोट घातलेला एक उंच म्हातारा उठला. तिच्यामागून आत आला, टोपी खुंटीला अडकवली, कोट काढला आणि मशीनखालच्या टेबलावर बसला.

"आपलं पूर्ण नाव सांगता?"

"आर्थर नेल."

गेनरचा हात जागीच थांबला. "मी पीअर्सन अशी हाक मारली होती."

"हो, ऐकलं मी."

"मग तुम्ही का आलात?"

"तू माझ्याकडे बघून हसलीस. बसून राहणं बरं दिसलं नसतं. वाटलं, तुमच्याच कागदात चूक झाली असेल, चारचौघांत कशाला तुला ओशाळं करा."

पीअर्सन त्या वेळी स्वच्छतागृहात होते. त्यांचा आजार घशात होता, नेल यांचा फुप्फुसात. गेनरने नेल यांना कोट घालून दिला, बाहेर नेऊन बसवलं आणि ती कोपऱ्यात जाऊन गार पाणी प्यायली. रॅव्हनगेटमध्ये ज्याच्या पायावर पाय पडतो तोच आधी माफी मागतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. अशी माणसं कुठल्याही नावाला मान डोलावतील, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून ती मनापासून विचारू लागली.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी इमोजेन कागद घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि पेशंट म्हणून आत आले ते क्लिफर्ड बूथ. बंदराजवळचं तळलेल्या माशांचं आणि चिप्सचं दुकान आयुष्यभर चालवलेला माणूस. शाळेत असताना गेनर त्याच दुकानात काम करायची. पाठीमागे उघडा असलेला हॉस्पिटलचा झगा एका हाताने धरून ते टेबलावर चढले आणि तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आपलं पूर्ण नाव सांगा," गेनर म्हणाली.

"काय?"

"पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता."

"पोरी, तुला पहिला पगार कोणी दिला?"

"तुम्ही."

"बटाटे सोलायला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. मासा तळायलाही. नाव सांगा."

"तुझ्या लग्नाला आख्ख्या वऱ्हाडाला फुकट मासे खिलवले मी."

"अजून लोक आठवण काढतात. सांगा ना, मिस्टर..." एवढं म्हणून तिने जीभ चावली. कोपऱ्यात कागद फडफडला.

"ओठावर आलं की तुझ्या. बोलून टाक, मी हो म्हणतो. उपचाराला लघवी भरलेली लागते म्हणून सांगितलं तेवढं पाणी पिऊन आलोय, जास्त वेळ रोखता येणार नाही."

"मग लवकर सांगा."

क्लिफर्डनी झग्याची कड ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "बाकीची पोरं विचारतात, त्यांचं ठीक आहे, ती मला कुठून ओळखणार? पण रोज पँट काढून असल्या झग्यात इथे यायचं म्हणजे... तू दिसलीस की वाटतं, चला, मी कोण ते माहीत असणारं एक माणूस तरी इथे आहे."

 हेच तर गेनर इतकी वर्षं करत आली होती. एक शब्द बोलली असती तर म्हातारा सुखावला असता. तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"गार्साइडबाई आठवतात?"

"न आठवायला काय झालं? दर शुक्रवारी हॅडक मासा आणि थोडे चिप्स."

"एकदा मी त्यांना न विचारताच मीठ टाकलं होतं. रोजचं गिऱ्हाईक म्हणून."

"आणि त्याच आठवड्यात डॉक्टरने तिचं मीठ बंद केलं होतं," क्लिफर्ड म्हणाले. "बाई एक शब्द बोलली नाही. पैसे देऊन पुडा घेऊन निघाली. मी दाराशी विचारलं म्हणून कळलं."

"मग मला काय म्हणालात?"

"म्हणालो, ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर आधी विचारायचं."

"तेच करतेय."

म्हाताऱ्याने छताकडे बघितलं. पोट हललं, तो हसत होता की काय ते कळेना. मग काउंटरवरून ऑर्डर ओरडावी तशा आवाजात त्याने सांगितलं, "क्लिफर्ड जॉर्ज बूथ." पाठोपाठ जन्मतारीख आणि पत्ता. "आणि चिप्सवर व्हिनेगर जास्त."

"आता अंग सैल सोडा. आम्ही सरकवतो, तुम्ही मदत करायची नाही."

"म्हणजे जरा सरकायचंही नाही?"

"सरकायचंही नाही."

तिने आणि पलीकडच्या सहकाऱ्याने अंगावरचे खुणेचे ठिपके जुळवून त्यांना नीट झोपवलं, आकडे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले आणि दोघं बाहेर आले. मशीनचं काम सुरू झालं.

"तुझ्या ओठावर नाव आलं होतं," इमोजेन म्हणाली.

"आलं होतं."

"मला वाटलं, गेलं आता सगळं."

"मलाही," गेनर म्हणाली. तिचे डोळे पडद्यावरच्या क्लिफर्डवर होते. इमोजेनने सही केली आणि कागद तिच्यासमोर ठेवला. गेनरने तो उपचार संपल्यावरच वाचला. ती पास झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीच्या दारात ती दिसताच क्लिफर्ड उठले आणि त्यांनी सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव, जन्मतारीख, पत्ता, एका दमात म्हणून दाखवलं. कोणीतरी टाळी वाजवली.

"झालं ना समाधान?"

"छान म्हणालात," गेनर म्हणाली. "चला. आत गेल्यावर परत विचारणार आहे."