फोटोला थांबणारी घोडी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझं शिक्षण माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पांढऱ्या घोडीच्या पाठीवर झालं, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. लोणावळ्यात पर्यटकांना फेरी मारून आणणं हे तिचं काम. समोर कुणी मोबाइल किंवा कॅमेरा धरला की ती खांबासारखी उभी राहायची. शाळेच्या सुट्टीत मीच तिला ते शिकवलं होतं. हलली नाही, की गुळाचा खडा.

मी बी.ए. झालो त्या वर्षी इंदुरीजवळ नदीकाठी एका ऐतिहासिक मालिकेचं चित्रीकरण आलं. गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढतात आणि धाकट्याचे घोडेस्वार थोरल्याच्या झोपलेल्या छावणीवर तुटून पडतात, असा प्रसंग होता. घोडे कमी पडत होते, म्हणून आम्हाला बोलावलं.

"पांढरी उठून दिसेल, पुढे घ्या," सहायक दिग्दर्शक म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मध्येच अडणार नाही ना?"

आबा माझ्या कानाशी आले. "लेका, ती फोटोला थांबती. सांग त्यास्नी."

शेजारच्या स्टंटवाल्याने ते ऐकलं. "आबा, घोडी आणलीय का नवरी?"

सगळे हसले. एवढ्या माणसांत साहेब फक्त माझ्याशी बोलत होते. मला आबांची लाज वाटली.

"नाही सर, पळते ती," मी म्हणालो.

शिट्टी झाली. घोडे तंबूंवर सुटले. दोन तंबूंच्या मधून कॅमेरावाला उठला, कॅमेरा डोळ्याला लावून. भरधाव आलेली आमची घोडी जागच्या जागी थांबली आणि मागचे तीन घोडे तिच्यावर आदळले. तिच्यावरचा स्वार गवतात फेकला गेला, अंग झाडत उठला. घोडी उठली नाही. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"जबरदस्त! हेच पाहिजे होतं," दिग्दर्शक ओरडले. "तिला हलवू नका, जवळून एक शॉट घेऊ."

घेतला. मग जनावरांचे डॉक्टर आले. पाय बघून त्यांनी मान हलवली, पिशवीतून कायमचं झोपवायचं इंजेक्शन काढलं. पण घोडी इतकी तडफडत होती, की चौघांना आवरेना.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोबाइल धर तिच्या म्होरं."

मी धरला. मान उचलून, कान टवकारून ती एकदम स्थिर झाली. डॉक्टरांनी सुई टोचली. ती गुळासाठी ओठ पुढे करत होती.