मामांची गाडी कुणी मागत नाही

एकाच गोष्टीबद्दल दोन उलटी मतं एकाच दमात आणि सारख्याच ठामपणे सांगणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा असावा, हे माझं प्राक्तन. खुटबावच्या या मामांचा सल्ला घेऊन निघालेला माणूस आला होता त्याहून जास्त गोंधळलेला असतो. त्यांच्या शेजाऱ्यानं एकदा विचारलं, "मामा, औंदा कांदा करावा का?" मामा म्हणाले, "कांद्यासारखं पीक न्हाई. आजिबात करू नगा." तो बिचारा बांधावर बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्यानं अर्ध्या वावरात कांदा केला, अर्ध्यात मका. माझं स्थळ आलं तेव्हाही घरच्यांनी मामांना विचारलं होतं. "पोरगा लाखात एक हाय," मामा म्हणाले, "पर माझं ऐकाल तर देऊ नका." आणि लग्नाच्या दिवशी भटजींनी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं पुकारायच्या आत हेच मामा भाचीला घेऊन बोहल्यापाशी हजर! माझ्याबद्दल त्यांचं नेमकं मत काय, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही, कारण उत्तर मिळेल.

मामांकडे एक जुनी मोटारसायकल होती. ती मामांची होती ती फक्त कागदावर. गावात गाड्यांना तोटा नाही, पण त्या पोरांच्या. पोरं रांजणगावला कंपनीत, गाड्या त्यांच्याबरोबर. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधार मामांच्या गाडीचा. चावी ओसरीतल्या खिळ्याला लटकलेली असायची. कुणाला यवतहून गोळ्या आणायच्या, कुणाला पाटसच्या कारखान्यावर ऊसतोडीचं विचारायला जायचं, कुणाची गाय अडलेली. मामा चावी देताना शिव्या घालत आणि परत घेताना त्याहून जास्त घालत. "ही गाडी हाय का चावडी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गाडी परत आणणारा निमूट शिव्या खाई, मामींनी पुढं केलेला चहा पिई, यवतच्या बाजाराची, कुणाच्या सोयरिकीची, कुणाच्या दुखण्याची खबर सांगे आणि टाकी कोरडी ठेवून घरी जाई. तो गेल्यावर मामा आणखी तासभर चडफडत.

एके दिवशी मामांनी ती गाडी विकून टाकली आणि मला शिरूरला फोन केला. "पाव्हणं, तिकडं एखादी जुनी विजेची गाडी बघा. भारीतली नको." माझ्या गल्लीतच एकानं तसली एक विकायला काढली होती. विजेच्या गाड्या नव्यानं निघाल्या तेव्हाची, त्यातही स्वस्तातली. मला ती दाखवायचीसुद्धा लाज वाटत होती. मामा आले, गाडीभोवती उकिडवे बसून फिरले आणि त्यांनी चौकशी सुरू केली. विकणारा माणूस इतका सरळ, की त्याची गाडी आजवर का विकली गेली नव्हती हे मला तिथंच समजलं.

"चढ चढती का?"

"रडत चढती."

"डबलसीट?"

"एकटंच बसावं. तेबी पोतं न घेता."

"एकदा भरली की किती जाती?"

"नवी होती तवा लई जायची. आता तुमच्या गावापासनं यवतला जाऊन याल. पर पाटसचं नाव काढू नका."

"आन् मधीच बसली तर?"

"ढकलायची. पेट्रोलवानी बाटलीत थोडीच मिळती वीज?"

दर उत्तरागणिक मामांचा चेहरा खुलत चालला होता. शेवटच्या उत्तराला तर त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ठरलं!" त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. बाजूला घेऊन मी म्हणालो, "मामा, ही गाडी निकामी आहे." मामा म्हणाले, "मग दोन तास काय बघत हुतो मी? अवो, जी गाडी पाटसला पोचत न्हाई, ती मागाया कोण येतंय?"

शिरूरहून खुटबावला चालत जाण्याइतका दम त्या गाडीत नव्हताच. कांदा घेऊन निघालेल्या एका पिकअपमध्ये गोण्यांवर तिला आडवी घातली, शेजारी मामा बसले, आणि विजयाचं निशाण मिरवावं तसा गळ्यातला पंचा हलवत भीमेपलीकडं गेले. पहिला फोन आठवड्यानं आला. "फस्क्लास गाडी, पाव्हणं! एक माणूस फिरकला न्हाई." मीही खूश झालो. पुढचा फोन: "भंगार गळ्यात बांधलंत माझ्या." मी घाबरून विचारलं, "काय बिघडलं?" "कुठं काय? चांगली चालती की." मग बिघडलंय काय, ते काही सांगेनात. तिसऱ्या फोनला गाडी एकदम पाटसपर्यंत जाऊन परत यायला लागली होती. चौथ्या फोनला, "गाडीत राम न्हाई, पर अशी गाडी पुन्हा व्हणार न्हाई." मी शिरूरला एका मिस्तरीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मला पाणी प्यायला दिलं.

मग मामींचाच फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जाता का? ह्यांचं काय चाललंय मला तर कळंना. सकाळी उठून गाडी पुसत्यात, चावी खिळ्याला लावत्यात आन् ओसरीत बसून राहत्यात. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारत्यात, यवतला जायचंय का, न्या की गाडी. लोक म्हणत्यात, नगं मामा, मधीच बसली तर ढकलायची कुणी? च्याचं आधण दोघांपुरतंच ठेवते आता. तेबी त्यांना जास्ती व्हतं."

फोन ठेवल्यावर मला उलगडा झाला. घरात चिडचिड करायला कुणी नाही म्हणून माणूस सुकत चालला होता, आणि मी इकडं बॅटरीची काळजी करत होतो.

रविवारी मी माझ्या मोटारसायकलवरून खुटबावला गेलो. मामा ओसरीत बसले होते. अंगात धुतलेला सदरा, पण कुठं जायचं नव्हतं. मी टेकलो, आणि चहा यायच्या आत म्हणालो, "मामा, जरा तुमची गाडी देता का? यवतला जाऊन येतो."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडं पाहिलं. मग परत माझ्याकडं. मी त्यांची नजर चुकवून खिळ्याकडं बघत राहिलो.

"तुमाला काय माझीच गाडी घावली?" मामा कडाडले. काय आवाज होता! आतून मामी धावत बाहेर आल्या. "जावई म्हणून काय गाडी वापरून टाकायची? ब्रेक जोरात दाबू नका. खड्डा बघून चालवा. आन् यायला उशीर केला तर बघा!" शिव्या घालत ते मागोमाग रस्त्यापर्यंत आले आणि मी दिसेनासा होईपर्यंत काहीतरी ओरडतच होते.

यवतला मला काहीही काम नव्हतं. एक वर्तमानपत्र घेतलं, एका हॉटेलात भजी खाल्ली, चार माणसांशी मुद्दाम बोलून बाजारभाव आणि बातम्या गोळा केल्या. परतताना गाव दिसायला लागलं आणि गाडी बसली. मी ढकलू लागलो. उसाच्या फडातून एक आजोबा बाहेर आले, "मामांची का?" म्हणत त्यांनी मागून हात लावला. वाटेत आणखी एक जण आला. दोघंही हसत होते. अंगणात पोचलो तेव्हा आम्ही तिघं घामाघूम, आणि मामा दारात कमरेवर हात देऊन उभे. त्यांनी तिघांनाही मनसोक्त झापलं. मामी आत जाऊन पातेल्यात पाणी वाढवून आल्या. मग आम्ही सगळे ओसरीत बसलो आणि मी यवतच्या बातम्या सांगितल्या, त्यातल्या दोन-तीन तर मीच रचलेल्या होत्या.

ती गाडी चांगली की वाईट, हे मला कुणी विचारलं तर आज सांगता येणार नाही. पण हल्ली दर महिन्याला माझं यवतला काहीतरी काम निघतं. शिरूरला मिळत नाही आणि यवतला मिळतं असं काहीही नाही, हे मला ठाऊक आहे, मामींना ठाऊक आहे, आणि सगळ्यांत जास्त मामांना ठाऊक आहे. निघताना ते मला एवढंच विचारतात, "पाव्हणं, यवतचं काम पुरं झालं का राहिलं?" मी म्हणतो, "राहिलंय, मामा."