गल्लीच्या टोकावरचं शुद्धलेखन

सांगलीतल्या ज्या स्टुडिओत मी नोकरीला होतो, त्याच्या पाटीवर ‘डिजिटल’ हा शब्द मालकाच्या नावापेक्षा मोठा होता. आत एक कॉम्प्युटर, दोन दांडगे स्पीकर आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एवढ्यावर डिजिटल म्हणवून घेता येत असे.

कुंडलकडच्या एक शिक्षिका स्वतः लिहिलेली भीमगीतं आमच्याकडे गाऊन गेल्या आणि पंधरा दिवसांत त्यांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन होतं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. तोवर बोलायलाही बंदी. गाणी पुन्हा गाऊन घेता येणार नव्हती. होती ती माझ्या कॉम्प्युटरात, आणि जयंतीच्या आत कॅसेट हवी तर मास्टर सीडी आदल्या शनिवारी चारच्या एसटीने पुण्याला कॅसेट कंपनीकडे जायला हवी होती.

आमच्या सॉफ्टवेअरमधला कॉम्प्रेसर, म्हणजे चढलेला आवाज खाली दाबणारी सोय, अख्खं गाणं एकदम दाबायचा. ढोलकी घुमली की बाईंचा गळाही खाली. म्हणून मी स्वतःची एक रचना बांधली होती. फिल्टर लावून गाण्याचे खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचे असे तीन पट्टे पाडायचे, प्रत्येक वेगळा दाबायचा आणि तिन्ही परत जोडायचे. एका गाण्याला पाऊण तास लागे. मालक पाहुण्यांना हे स्वतःचं संशोधन म्हणून सांगत. मीही त्यांना अडवलं नाही, कारण त्या स्पीकरांवर ते खरोखर भारदस्त वाजत होतं.

त्या शनिवारी बाराच्या सुमारास बाई आल्या, सोबत त्यांचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांच्या खांद्यावर मांडववाल्याचा कर्णा होता.

“आमच्या वस्तीत कॅसेट घरात बसून कोण ऐकतंय?” हवालदार म्हणाले. “ह्याच्यावर लावा.”

मालकांनी कर्ण्याकडे असं पाहिलं, की जणू देवघरात कुणी चप्पल आणली. बाईंनी पिशवीतून पाटी-पेन्सिल काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. ऐकू येईल ते लिहायचं. नवऱ्याचंच शुद्धलेखन!

मी कर्णा दारात जोडला आणि पहिलं गाणं वाजलं. हवालदार परतले तेव्हा पाटीवर शब्दांपेक्षा मोकळ्या जागा जास्त होत्या.

“हलगी लय झ्याक आली बगा,” ते म्हणाले. “गाणं कवा चालू व्हनार?”

बाईंनी एकेका रिकाम्या जागेला गोल केला आणि पाटी माझ्यापुढे धरली. कर्ण्याला खालचा पट्टा वाजवताच येत नव्हता, वरचाही जेमतेम. उरला मधला, आणि त्यात हलगी आणि बाई एकत्र कोंबलेल्या. प्रत्येक थापेला माझा कॉम्प्रेसर दोघींना मिळून दाबत होता. त्यांचा शेवटचा आवाज मी स्वतःच्या हाताने पुसत होतो.

“स्पीकरवर ऐका ना, मॅडम,” मालक म्हणाले.

“आवं, स्पीकर काय वस्तीत यनार हाय व्हय?” हवालदारांनी विचारलं.

हलगी त्या एकाच गाण्यात होती, तेवढं नशीब. मी तिनाचे चार पट्टे केले. हलगीचा कडक आवाज वेगळा काढून तेवढाच दाबला. बाईंच्या पट्ट्यावरचा, मी आठवडाभर घासून बसवलेला कॉम्प्रेसर बंद करून टाकला. कॉम्प्युटरवरची रेघ मुंगीच्या चालीने सरकू लागली. तीनला लाईट जायची वेळ होती. बाई खुर्चीच्या काठावर, हाताची घडी घालून. मी रेघेकडे आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

सव्वादोनला हवालदार पुन्हा टोकाला गेले. आले तेव्हा पाटी भरलेली होती, तिसऱ्या ओळीत एक जागा सोडून.

“तवा ट्रॅक्टर गेला. शपत.”

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. ती ओळ परत लावली, हवालदारांनी तिथे उभ्याउभ्याच शब्द लिहिला आणि पाटी उंच धरून पळत आले. बाईंनी प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण केली. मग पाटी पुसायला फडकं घेतलं आणि तसंच पिशवीत ठेवून दिलं. पाटी न पुसता नेली.

मी सीडी भरून कॉम्प्युटरातून काढली तेव्हा लाईट अजून होती. मालक स्पीकरांशी बसून म्हणाले, “पातळ वाटतंय हो.”

हवालदार तोवर सीडी घेऊन स्टँडच्या वाटेला लागले होते.